मानमोडीची पाठवणी

मी आता सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या घरच्या कोंबड्यांनी उद्यापासून खडे घालावेत. सगळं मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणजे, याच डोळ्यांनी असं नाही. हे घडलं तेव्हा माझा पणजोबा पाळण्यात होता आणि कोंबडी कुठली, कावळा कुठला हे त्याला कळत नव्हतं. पण पाळण्यातून जेवढं दिसतं तेवढं त्यानं पाहिलं. मोठेपणी ते त्यानं माझ्या आजोबांना सांगितलं. आजोबांनी थोडी भर घातली, माझ्या बापानं तेवढंच गाळलं, त्यामुळं माझ्यापर्यंत माप बरोबर पोचलं. शंका काढायच्या असतील तर शेवटी काढा. आणि तुमच्यापैकी ज्यांनी हौसेनं गच्चीवर, परसात कोंबड्या पाळल्या असतील त्यांनी जरा पुढं सरकून बसा. गोष्ट तुमची आहे.

डोंगरातून अजून रस्ता गेला नव्हता, आणि ज्याला कुठं जायचं त्यानं आपले पाय घेऊनच निघायचं, अशा काळात डोंगराच्या पोटात सावरघोळ नावाचं गाव होतं. गाव एवढंसं, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाहून 'शंभर वर्षं जग' असं उत्तर यायचं. आणि त्या गावात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या. ओटीवर कामट्यांचं पालथं डालगं, डालग्याखाली पिल्लं. चुलीमागच्या उबेला खुडूक बसलेली कोंबडी. माळ्यावर तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, आणि आढ्यावर कोंबडा, जो घरधन्याच्या आधी उठायचा आणि त्याच्या अंथरुणावर शिटायचा. पोरं थंडीत पिल्लू कुशीत घेऊन झोपायची. आई ओरडायची ती पिल्लू चेंगरेल म्हणून.

कोंबडीवाचून त्या गावाचं पान हलत नव्हतं. जावई आला की कोंबडं, बाळंतीण उठली की अंडी, आणि पाहुणी निघाली की तिच्या काखेत एक तलंग. रिकाम्या हातानं लेकीबाळींना वाटेला लावायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळं या गावची कोंबडी त्या गावात, त्या गावची पलीकडच्या गावात, असं सगळ्या डोंगरात कोंबड्यांचं गणगोत पसरलेलं होतं.

आणि जिथं जीव पाळला तिथं काळजी आलीच. सकाळी डालगं उचललं की बाईची नजर आधी शिटीवर जायची. घट्ट आहे ना? हिरवी नाही ना? मग डोळ्यांवर, मग पंखांवर. पंख सोडलेली कोंबडी दिसली की बाईचा हात काळजावर जायचा. तुम्हीही पाहता की नाही? मग गप्प बसा आणि ऐका.

त्या गावात केरा नावाची बाई होती. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नावच केर ठेवलं, की मरणाला वाटावं हा कचरा आहे, उचलून काय न्यायचा. युक्ती लागू पडली. केरा जगली, तिच्या पाठचा हैबतीही जगला आणि पुढं गावाचा कारभारी झाला. केराचं लग्न डोंगराच्या खालच्या अंगाला, शिवेलगतच्या गावात झालं. पण एक दिवस ती कडेवर लहान लेक घेऊन चालत परत आली आणि भावाच्या घरामागच्या झोपडीत राहिली. का आली ते तिनं सांगितलं नाही. कुणी खोदून विचारलंही नाही. गावची लेक म्हणून ती साऱ्या गावाची आत्या झाली. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा तिला केराआत्या म्हणायची.

केराआत्याच्या हाताला गुण होता. अंड्याला कान लावून ती आतलं पिल्लू कुठल्या रंगाचं ते सांगायची, असं म्हणतात. गल्लीच्या टोकाला कोंबडी शिंकली तर ही चुलीपुढून हाक द्यायची, "अगं, त्या काळीला वेगळी ठेव, तिच्या घशात घरघर हाय." एकदा तिनं मुंगसाला दटावून अंडं परत आणायला लावलं, असंही म्हणतात. हे मलाही जरा जास्त वाटतं, पण मुंगसाला विचारायची सोय राहिलेली नाही.

तिची लेक मंजुळा मोठी झाली आणि ओढ्यापलीकडच्या बोरदऱ्यात नांदायला गेली. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मंजुळेला पहिला मुलगा झाला होता. बाळाला अजून नजर धरता येत नव्हती, एवढा कोवळा.

त्याच वर्षी मानमोडी आली.

मानमोडी काय असते ते ज्यानं पाहिलं तो पुन्हा कोंबडीच्या मानेकडं सरळ बघत नाही. आदल्या दिवशी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी चोच उघडी टाकून श्वास घेते. पंख जमिनीला टेकतात. हिरवं पाणी पडतं. मग ती एकाच जागी गोल गोल फिरायला लागते, आणि फिरता फिरता तिची मान वळत जाते. वळत वळत तोंड पाठीकडं होतं. पाय पुढं चालतात, डोळे मागं बघतात. मग ती पडते. तिच्यामागं सगळं डालगं पडतं. मानमोडी लागली की गावात पहाटेचं आरवणं बंद व्हायचं. माणसं अंथरुणात जागी असायची आणि वाट बघायची, आणि आरवायला कुणी उरलेलं नसायचं.

त्या डोंगरातली माणसं म्हणायची की हा रोग नव्हे. ही बाई आहे. तिला माहेर नाही, सासर नाही, म्हणून ती दारोदार फिरते. आणि बाईला घालवायचं तर तिची रीतसर पाठवणी केली पाहिजे.

पाठवणी कशी, ते ऐका. पडायला टेकलेली, पण धुगधुगी असलेली एक कोंबडी घ्यायची. तिला हळद लावायची, कुंकू लावायचं, पायाला चुडा म्हणून हिरवा दोरा बांधायचा, अंगावर खणाचा तुकडा घालायचा. डालग्यात बसवायची, ऊद जाळायचा आणि हलगी वाजवत शिवेपर्यंत न्यायची. डालगं उचलायचं गावच्या लेकीनं. सुनेनं नाही, लेकीनं, कारण घर सोडून जाणं लेकीला ठाऊक असतं. पलीकडच्या गावच्या हद्दीत डालगं ठेवायचं, म्हणायचं, "जा बाई, सासरी सुखी राहा, माहेरची आठवण काढू नको," आणि मागं न बघता परत यायचं.

आता पलीकडचं गाव काय करायचं? त्यांना ती मारता येत नव्हती, कारण मारली तर बाई तिथंच राहते. नाकारताही येत नव्हती. दारात आलेल्या नवरीला हाकललं तर घराण्याला बट्टा. मग ते तिला पाणी ओवाळून आत घ्यायचे. कारभाऱ्याच्या ओटीवर उतरवायचे. नवरीला उपाशी काढू नये म्हणून तिच्यापुढं मूठभर कण्या टाकायचे. नवरी काही खायची नाही. पण गावच्या कोंबड्या त्या कण्यांवर धावून यायच्या. मग नवरी पुढच्या गावी. जुनी मेली असेल तर नवी सजवायची. अशी ती गावामागून गाव नांदत जायची, आणि प्रत्येक गावाला वाटायचं, आपण तिला घालवली.

सावरघोळमध्ये ती उगवतीकडच्या गावाहून आली. हैबतीच्या ओटीवर तिला उतरवली. केराआत्या त्या दिवशी बाळंतिणीला मेथीचे लाडू द्यायला बोरदऱ्याला गेली होती. परत आली तेव्हा कण्या संपलेल्या होत्या.

"कुणी टाकल्या ह्या?" तिनं विचारलं.

"मीच. नवरी हाय ती, आक्का," हैबती म्हणाला. "तूच तर म्हणतीस, उपाशी कुणाला लावू नये."

केराआत्यानं आपल्या कोंबड्या झोपडीत कोंडल्या, दाराला चिखल लिंपला आणि स्वतः बाहेर बसली. पण ओटीवरच्या कण्या अर्ध्या गावानं टिपल्या होत्या.

मग सुरू झालं. आधी हैबतीच्या घरी. मग शेजारी. मग सगळीकडं. काही शहाण्यांनी पडायच्या आत कापायला सुरुवात केली, की रोगाच्या तोंडी जाण्यापेक्षा आपल्या तोंडी गेलेली बरी. पिसं उकिरड्यावर गेली, उकिरडा दुसऱ्याच्या कोंबड्यांनी उकरला. पोरांना कुणी सांगितलं नाही. पोरं आजारी पिल्लांना कुशीत घेऊन बसली, त्यांच्या चोचीत पाणी घालत राहिली, आणि एका सकाळी पोरांचे डोळे लालभडक झालेले होते. चिकट, सुजलेले, उघडेनात.

तेव्हा गावाचा धीर सुटला. आजवर ती कोंबड्यांपुरती होती. आता ती पोरांच्या डोळ्यांतून घरात शिरली, असं ज्याला त्याला वाटलं. आया पोरांचा चेहरा धरून मान सरळ आहे का बघू लागल्या. पोरानं नुसतं मागं वळून बघितलं तरी आई किंचाळायची.

चावडीपुढं माणसं जमली. ठरवायला फार वेळ लागला नाही.

"उद्या पाठवणी," हैबती म्हणाला. "बोरदऱ्याला."

"बोरदऱ्यात माझी मंजुळी हाय," केराआत्या म्हणाली.

"मंजुळीचं घर पार त्या टोकाला हाय, आक्का. आन् नवरी काय तिथं कायमची ऱ्हाती का? जाईल पुढं."

"बाळाची नाळ आत्ता पडलीया रं."

"मग काय करायचं? आमच्या पोरांचे डोळे जाऊ देऊ?"

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला, "आत्याला भाचरांपरीस नातू जवळचा. आतडं हाय, चालायचंच."

केराआत्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती भावाला म्हणाली, "हैबत्या, माझ्या सासूनं मला का काढली, तुला ठाव हाय?"

"कोंबड्यांवरनं काहीतरी भांडण झालं, एवढंच ऐकलं."

"तिथं मानमोडी आली तवा ती आपल्याच अंगानं आली. आपलीच हलगी ऐकू आली मला. मी चुलीपुढं व्हते. म्हटलं, माहेरची हलगी, आन् आनंदानं दारात गेले. मग कोंबड्या पडल्या. सासूचे डोळे आले. म्हणाली, तुझ्या माहेरानं धाडली, तू तिच्यामागं जा. मंजुळी काखंत, आन् दार बंद. तुम्ही धाडता तवा मागं बघत न्हाई. म्या पुढनं बघितलंया."

पण भीती काय ऐकते? हैबती मान खाली घालून म्हणाला, "आक्का, डालगं गावच्या लेकीनं उचलायचं असतं. बाकीच्या लेकी नांदत्या हायत. तूच तेवढी इथं."

"उचलते," केराआत्या म्हणाली.

ती इतक्या सहज हो म्हणाली, की जमलेल्यांना पाठवणीपेक्षा तिचीच भीती वाटली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी हलगी निघाली. पुढं ऊद घालायला निखाऱ्यांचं खापर, मागं गाव. केराआत्याच्या डोक्यावर डालगं, आणि डालग्यात हळद लावलेली नवरी घरघरत होती. सावरघोळ आणि बोरदऱ्याच्या मधोमध ओढा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा असतो आणि पात्राच्या मध्ये एक सपाट खडक उघडा पडतो. खडकाच्या अलीकडं सावरघोळ, पलीकडं बोरदरा. खडक कुणाचाच नाही. तिथवर आलं की हलगी थांबते.

पलीकडच्या काठावर बोरदऱ्याच्या बाया पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. नाकारायचं नाही, ही रीत त्यांनाही होती. पण त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. मागं पुरुष हातात गोफणी धरून उभे. मारायच्या कुणाला, हे त्यांनाही ठाऊक नसावं. आणि सगळ्यांच्या पुढं, बाळ खांद्यावर टाकून, मंजुळा.

केराआत्या खडकावर चढली. तिनं डालगं उतरवलं. खापर शेजारी मागून घेतलं. आणि मग पलीकडं जायच्या ऐवजी ती खाली बसली.

"आक्का," मागून हैबती म्हणाला, "अजून दोन पावलं."

"न्हाई."

"शिवंवर कुणी बसत नसतं. ऊठ."

"मी बसते."

"कुठवर?"

"हिची धुगधुगी हाय तवर. मग बघू."

पलीकडं मंजुळेला वाटलं, आई थकली. ती काठ उतरून पात्रात आली. "आई, तू ऱ्हाऊ दे. दे ते डालगं हिकडं. मी नेते."

"मंजुळे, थांब."

"अगं, पोर बघ की तुझं. कालपास्नं नजर धरायला लागलंय."

"थांब म्हणते ना."

मंजुळा हसली. आईच्या बोलण्याला लेकी किती थांबतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ती बाळाला पुढं धरून येत राहिली. केराआत्यानं खडकावरून हात खाली घातला, पात्रातला दगड उचलला आणि लेकीवर फेकला.

दगड मंजुळेच्या पायाशी पडला. मंजुळा जागच्या जागी उभी राहिली. केराआत्यानं दुसरा दगड उचलून हातात धरला. मग मंजुळा वळली, पोर पदराखाली घेतलं आणि काठ चढून गेली. मागून बाया गेल्या.

तेव्हा दोन्ही गावं तिच्यावर उठली. "हिकडं आणू नको," बोरदऱ्याचे पुरुष ओरडले. "हिकडं परत येऊ नको," सावरघोळचे ओरडले. केराआत्या म्हणाली, "दोन्ही ऐकू आलं. आता सावलीला जावा." आणि तिनं गुडघे जवळ घेतले.

दुपार टळटळीत झाली. बोरदऱ्याची माणसं करवंदीच्या जाळ्यांआड बसली, सावरघोळची मोहाच्या झाडांखाली. दोघांनाही खडक दिसत होता, म्हणून इथून पुढचं दोन्ही गावांत सारखंच सांगतात.

आधी रातकिडे थांबले. जे कधी थांबत नाहीत ते भर उन्हात थांबले. मग डालग्यातली घरघर थांबली. कोंबडी गार झाली होती. केराआत्यानं हात लावून पाहिलं आणि डालगं पालथं घातलं. आता डोक्यावर सूर्य असताना डालग्याची सावली असून असून किती असणार? वीतभर. पण ती लांबायला लागली. लांबत लांबत ती बोरदऱ्याच्या काठाला टेकली. काठ तिला चढता येईना, तेव्हा ती परत खडकाकडं आली, आणि उठून उभी राहिली.

नवरीच होती. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा. पण तिची पावलं केराआत्याकडं होती आणि तोंड पाठीकडं. मान पुरती फिरलेली. बुचडा सुटून केस छातीवर आलेले.

"बाई, मला पलीकडं सोड," ती म्हणाली. आवाज घरघरता.

केराआत्या म्हणाली, "तुझी तू जा की. पाय हायत."

"पाय हायत, पर तोंड मागं. वाट दिसत न्हाई. मला कुणीतरी न्यावं लागतं."

"आजवर कुणी नेलं?"

"तुम्हीच. हलगी वाजवून."

केराआत्यानं तिचे सुटलेले केस बघितले आणि म्हणाली, "अशी केस सोडून जात असतात व्हय सासरी? बस. वेणी घालून देते."

ती बाई थबकली. तिला आजवर ज्यानं त्यानं 'जा' म्हटलं होतं. 'बस' कुणी म्हटलं नव्हतं. ती बसली. केस छातीवर, म्हणून केराआत्या तिच्यासमोर बसली, आणि त्या बाईचं तोंड मात्र बोरदऱ्याकडं राहिलं. केराआत्या वेणी घालू लागली, आणि ती बाई मागं बघत बोलू लागली.

"तिथं कुठंतरी पोर रडतंय."

"असंल."

"कोवळं हाय. दुधाचा वास येतोय."

केराआत्याची बोटं थांबली नाहीत. एक पेड वेणीत, एक पेड डालग्याच्या कामट्यांत, असं ती गुंफत राहिली.

"टाळू उडतीय त्याची," ती बाई म्हणाली. "आईनं दार लावलंय, पर खालनं फट हाय. मला तेवढी पुरंल. झाली का वेणी?"

"झालीच."

शेवटचा पेड कामटीत घट्ट बसला. केराआत्यानं निखाऱ्यांचं खापर उचललं आणि डालग्यावर पालथं केलं.

वाळलेल्या कामट्या त्या, भुर्रकन पेटल्या. ती बाई उठायला गेली, वेणी ताणली गेली, आणि तिची मान सरळ झाली. जन्मात पहिल्यांदा तिनं समोर बघितलं, असं म्हणतात, आणि समोर केराआत्या होती. मग जो आवाज झाला तो कोंबडीचा नव्हता, बाईचाही नव्हता. बोरदऱ्यातल्या गाईंच्या कासेतलं दूध त्या आवाजानं फाटलं. माझ्या पणजोबाचा पाळणा आपोआप हलला, आणि तो त्या दिवसापासून उताणा झोपला नाही.

खडकावर राख उरली. माणसं हळूहळू उठून पुढं आली. केराआत्यानं हात वर केला.

"जवळ येऊ नका. माझ्या हातापायाला ती लागलीया." आणि मग तिनं तिथूनच, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं सांगितलं. घरोघरच्या कोंबड्या कोंडा. कुणाची कुणाकडं देऊ नका, लेकीला नको, देवाला नको. पडल्या त्या खोल खड्ड्यात राखेखाली गाडा, कापू नका. पोरांना पिल्लांजवळ झोपवू नका. डालग्याला हात लावला की हातपाय धुवा, मग घरात जा.

"आन् तू?" हैबतीनं विचारलं.

"मी बसते इथंच. भाकरी लांब ठेवत जा."

सावरघोळनं ऐकलं, उशिरा का होईना. तिथल्या बहुतेक कोंबड्या गेल्या. केराआत्याच्या चिखल लिंपलेल्या झोपडीतल्या, ज्यांना हैबती हातपाय धुऊन छपराच्या फटीतून दाणापाणी टाकायचा, तेवढ्या वाचल्या. पोरांचे डोळे निवळले. ओढ्यापलीकडं मानमोडी गेली नाही. त्या वर्षी बोरदऱ्यात रोज पहाटे कोंबडा आरवला, आणि सावरघोळची माणसं अंथरुणात पडून तो लांबचा आवाज ऐकायची.

हैबती रोज खडकापासून लांब भाकरी ठेवायचा. पलीकडून बोरदऱ्याच्या बाया ठेवायच्या. पुढं ओढ्याला पाणी आलं, वाट बंद झाली. पाणी खडकाला वळसा घालून जात होतं, खडक भिजत नव्हता, असं म्हणतात. एक दिवस सावरघोळकडून बघितलं तर ती खडकावर दिसली नाही. हैबतीला हायसं वाटलं. गेली असंल लेकीकडं. बोरदऱ्याच्या लोकांनीही बघितलं. त्यांनाही हायसं वाटलं. गेली असंल भावाकडं.

पाणी ओसरल्यावर मंजुळा बाळाला घेऊन माहेरी आली. बाळ आता बसायला लागलं होतं. झोपडीचं दार अजून चिखलानं बंद बघून ती मामाला म्हणाली, "आई कुठाय?"

हैबती हसत होता, तो थांबला. "तुझ्याकडं न्हाई?"

दोघं पळत खडकावर गेली. तिथं डालग्याएवढा एक काळा गोल होता, बाकी काही नव्हतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला शोधलं, रानात शोधलं. केराआत्या सापडली नाही. दोन्ही गावांना ती दुसऱ्याकडं आहे असं वाटलं होतं, त्यामुळं ती नेमकी कधी गेली, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

तो काळा गोल धुऊन निघत नाही. खडकाच्या दोन्ही अंगांना आता दगडांचे दोन लहान कोंडवाडे रचलेले आहेत, एक सावरघोळचा, एक बोरदऱ्याचा. गावात नवी कोंबडी आली, बाजारातून घेतलेली असो, पाहुण्यानं आणलेली असो, तर ती आधी तिथं राहते. याला 'आत्याकडचा मुक्काम' म्हणतात. अवसेला आलेली कोंबडी पुनवेपर्यंत तिथं, पुनवेला आलेली अवसेपर्यंत. घरातलं एकच माणूस दाणापाणी घालायला जातं आणि ओढ्यात हातपाय धुऊन परततं. ती नीट खाते, नीट शिटते, मान सरळ ठेवते, असं दिसलं की मग म्हणतात, "आत्यानं बघितली," आणि घरी आणतात. नवा जावई हौसेनं कोंबडा घेऊन आला तरी त्याला सासू वेशीवरच विचारते, "आत्याकडं राहिलाय का?" यावर सगळे हसतात, आणि जावई कोंबडा खडकावर सोडून येतो. आता जनावरांचे डॉक्टर लशीचे थेंब घेऊन येतात. तेही त्या खडकावरच घालतात, कारण गावच्या बाया कोंबड्या दुसरीकडं कुठं आणतच नाहीत. आणि पाठवणीची हलगी त्या डोंगरात पुन्हा कधी वाजली नाही.

आता शंका काढा. तुम्ही म्हणणार, ती मान फिरलेली नवरी मी पदरची घातली. तिच्यात माझी काही भर नाही. ती मला जशी मिळाली तशीच मी दिली. मुंगसाचंही तसंच.

मी घातलं ते एवढंच, की दगड मंजुळेच्या पायाशी पडला. बायाबापड्या ऐकायला बसल्या असल्या की माझ्यानं ते म्हणवत नाही. दगड तिला लागला. भुवईच्या वर, पोराच्या डोक्यापासून चार बोटांवर. पायाशी पडला असता तर ती थांबली नसती.